पंखे फिरतात, पण डिस्प्ले येईना: नवा पीसी जुळवल्यावर बोर्ड गेला म्हणण्याआधी

सांगलीत, विश्रामबागेत, घराच्या पुढच्या खोलीत माझं संगणक दुरुस्तीचं टेबल आहे. बारावीचा निकाल लागला की आणि दिवाळी झाली की त्या टेबलावर एकाच दुखण्याची कॅबिनेटं येऊन बसतात. तासगाव, मिरज, पलूसहून पोरं मोटरसायकलवर मागे बसून कॅबिनेट मांडीत धरून आणतात आणि वाक्य ठरलेलं असतं: "दादा, पंखं फिरत्यात, लाइटी लागत्यात, पण डिस्प्लेच येईना. बोर्ड गेला काय ओ?"

बहुतेक वेळा बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, गेलेला नसतो. एकतर वर बसवलेला प्रोसेसर कोण आहे हे बोर्डाला ठाऊक नसतं, नाहीतर त्या प्रोसेसरला स्क्रीनवर चित्र पाठवताच येत नसतं. चूक खरेदीच्या वेळची, कळते मात्र बटण दाबल्यावर. हल्ली बोर्ड एकीकडून आणि प्रोसेसर दुसरीकडून घ्यायची पद्धत पडली आहे. बोर्ड ओळखीतल्या कुणाचा जुना, प्रोसेसर ऑनलाइन सवलतीत. दोन्ही एकाच दुकानातून घेतलं तर जुळतंय का ते बघायची जबाबदारी त्या दुकानाची असते. वेगवेगळं घेतलं की ती कुणाचीच उरत नाही.

लक्षणं

बटण दाबल्यावर पंखे फिरतात, बोर्डावरचे दिवे लागतात, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. किंवा मशीन दोन-तीन सेकंद चालू होतं, बंद पडतं, परत आपोआप चालू होतं आणि हेच चक्र सुरू राहतं. कधी कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा दाबूनही लागत नाही. कधी लागतो. हा फरक लक्षात ठेवा. कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर लागत-विझत असेल तर मशीन आतून चालू आहे आणि अडचण फक्त चित्राची आहे. अर्धं निदान तिथंच होतं.

बटण दाबून काहीच होत नसेल, एकही पंखा हलत नसेल, तर तो आजार वेगळा. तो एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), वायरिंग किंवा पॉवर बटणाच्या वायरचा असतो आणि खालची बरीचशी तपासणी त्याला लागू नाही.

१. काही न करता पंधरा मिनिटं थांबा

हे ऐकून लोक हसतात. पण एएमडीच्या एएम ५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड आणि डीडीआर ५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमबरोबर स्वतःचं गणित बसवत असतो. कुठल्या वेगाला, किती व्होल्टेजला, कुठल्या वेळेला सिग्नल नीट पोचतो ते तो एकेक करून तपासतो. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. रॅम जास्त असेल तर आणखी वेळ लागतो. मागच्या वर्षी इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं मशीन आणलं. दोन दिवस तो दर मिनिटाला बटण दाबून बंद करत होता, आणि बोर्ड दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करत होता. मी चालू करून चहा ठेवायला आत गेलो. कप घेऊन बाहेर आलो तर बायोसचं, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचं, पान समोर. पैसे काय घ्यायचे त्याचे?

२. बोर्डावरचे चार बारके दिवे बघा

बऱ्याच नव्या बोर्डांवर कडेला चार दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (चित्र), बूट (सिस्टीम सुरू होणं). चालू करताना ते क्रमानं लागून विझतात. जो विझत नाही तिथं गाडी अडली आहे. यानं पुढची दिशा ठरते. डीरॅमवर अडलं तर चौथ्या पायरीवर जा, व्हीजीएवर अडलं तर तिसऱ्या, सीपीयूवर अडलं तर आधी तिसरीतली वीज बघा आणि मग सहावी. स्वस्तातल्या बोर्डांवर हे दिवे नसतात. तिथं चार पिनांचा छोटा बीपर स्पीकर लावून शिट्ट्या मोजता येतात. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो, आणि असेंबली करणाऱ्यानं एक खिशात ठेवावाच.

३. केबल कुठं लावली आहे, आणि प्रोसेसरला डिस्प्ले आहे का

माझ्या टेबलावरची निम्मी कॅबिनेटं इथंच सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर एचडीएमआय केबल कार्डाच्या मागे लावायची, बोर्डाच्या मागे नाही. एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चुकतं, कारण केबल लावणारा टेबलाखाली आडवा झालेला असतो.

खरी फसगत कार्ड नसलेल्यांची होते. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे डिस्प्ले येणारच, असं गृहीत धरलं जातं. ते भोक म्हणजे नुसता नळ. पाणी यायचं ते प्रोसेसरमधून. प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नसेल तर नळ कितीही फिरवा, कोरडाच.

ओळखायचं नावावरून. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, म्हणजे १२१००एफ, १२४००एफ किंवा कुठलाही केएफ, तर आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर उलटी रीत आहे: रायझनच्या शेवटी जी, जीई किंवा जीटी असेल तरच ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६००, ५६००एक्स, ५५०० यांत नाही. ५६००जी, ५७००जी यांत आहे. एएम ५ वर आलेल्या ७००० मालिकेत बहुतेकांना कामापुरतं ग्राफिक्स दिलेलं आहे, पण ७५००एफसारखे एफवाले तिथंही कोरडेच. गोम अशी की ऑनलाइन यादीत एफवाला थोडा स्वस्त दिसतो, म्हणून तोच घेतला जातो. ग्राफिक्स कार्ड घेणारच असाल तर ती बचत खरी आहे. 'कार्ड पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यानं एफवाला घेऊ नये.

प्रोसेसर कोरडा निघाला तर ओळखीतल्या कुणाचं तरी कार्ड तासभर मागून आणा आणि लावून बघा. डिस्प्ले आला की मशीन ठणठणीत आहे. फार जुनं कार्ड मात्र मागू नका. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या काही कार्डांना नव्या बोर्डांची सुरू व्हायची यूईएफआय पद्धत कळत नाही. मग कार्डही चांगलं, बोर्डही चांगला आणि स्क्रीन काळीच, असा तिढा होतो.

इथंच वीजही बघून घ्या. बोर्डाला दोन ठिकाणी वीज लागते: एक मोठा २४ पिनांचा आणि एक प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातला ८ पिनांचा. कोपऱ्यातला विसरला तरी पंखे मजेत फिरतात, कारण पंख्यांना २४ पिनांतून वीज मिळते. प्रोसेसर मात्र उपाशीच राहतो. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण तिची रचना वेगळी आहे. प्रोसेसरची वायर चार-चार अशी फुटते, कार्डाची सहा-दोन. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती चुकीची आहे.

४. रॅम

मशीन बंद करा, वायर काढा, सगळ्या रॅम काढा. एकच रॅम घ्या आणि चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या खाचेत बसवा. दुसरीच का? अशा बहुतेक बोर्डांवर तारांची जोडणी एका खाचेतून पुढच्या खाचेत जाते. टोकाची खाच रिकामी राहिली की सिग्नल तिथून परत आपटतो. दोन खाचांच्या बोर्डावर हा प्रश्न नाही.

दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत दाबायची. नव्या माणसाचा हात इथं कचरतो आणि रॅम अर्धीच बसते. जुनी रॅम असेल तर तिची सोनेरी पट्टी शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, भुगा झटका आणि परत लावा. हा गावठी उपाय आहे, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तो खरोखर चालतो.

एक खरेदीची गोष्ट. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे एच ६१०, बी ६६०, बी ७६० हे बोर्ड डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. नाव जवळपास सारखं, शेवटी एखादं अक्षर वेगळं. दोन्ही रॅमच्या पट्टीवरचा काप वेगळ्या जागी असतो, त्यामुळं चुकीची रॅम बसतच नाही. बसत नाही म्हणून कुणी दाबून बसवली, तर मग बोर्ड खरंच जातो.

५. सेल काढा

वायर काढून, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवून, बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल तर आधीच्या मालकाच्या सेटिंग बोर्डाच्या डोक्यात असतात, आणि त्यानं रॅमचा वेग चढवून ठेवलेला असला तर तुमची रॅम तो वेग झेपवत नाही. सेल काढला की बोर्ड कोऱ्या पाटीवर येतो. सेल सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदलून टाका.

६. बोर्ड आणि प्रोसेसरची ओळख आहे का

इथवर काही सुटलं नसेल तर आता मूळ दुखण्याकडे.

सॉकेट एकच आहे म्हणजे पत्रिका जुळली असं नाही. प्रोसेसर खाचेत अलगद बसतो, कूलर घट्ट बसतो, आणि तरी बोर्ड त्याला ओळखत नाही. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायोस असतो, आणि प्रोसेसर कसा जागा करायचा याची माहिती त्यात असते. बोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवशी जे प्रोसेसर बाजारात होते तेवढ्यांचीच ती माहिती. बी ४५० चे बोर्ड २०१८ चे. रायझन ५००० मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये. २०१८ मध्ये खोक्यात गेलेल्या बोर्डाला ५६०० म्हणजे कोण हे कळायचं कसं? एच ६१० आणि बी ६६० चंही तेच: हे बोर्ड २०२२ च्या सुरुवातीचे, इंटेलची १३ वी पिढी ऑक्टोबर २०२२ ची आणि १४ वी ऑक्टोबर २०२३ ची. जुना साठा असलेल्या दुकानातून बोर्ड आणला आणि वर १४ व्या पिढीचा प्रोसेसर बसवला की काळी स्क्रीन ठरलेली.

ही झाली सुटणारी प्रकरणं. काही सुटतच नाहीत. एलजीए ११५१ नावाखाली ६ वी-७ वी पिढी आणि ८ वी-९ वी पिढी असे दोन वेगळे संसार आहेत. एच ११० किंवा बी २५० वर ८ वी पिढी चालणार नाही आणि एच ३१० वर ६ वी चालणार नाही, बायोस कितीही नवा घाला. एलजीए १२०० वर एच ४१० आणि बी ४६० चे मूळ बोर्ड १० व्या पिढीपुरतेच. ११ वी त्यांच्या नशिबात नाही. एएम ४ वर लोकांना वाटतं की नवा बोर्ड सगळंच चालवेल. तसं नाही: बी ५५० वर ३२००जी आणि ३४००जी कंपनीच्या यादीत नाहीत, जरी बी ४५० वर ते सुखानं चालतात. हा धक्का जुन्याची अदलाबदल करणाऱ्यांना हमखास बसतो.

तपासायचं असं. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव वाचा, शेवटच्या अक्षरासकट, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रेव्ह' म्हणून आकडा असेल तर तोही. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते. तुमचा प्रोसेसर शोधा. त्याच ओळीत शेवटी बायोसची आवृत्ती लिहिलेली असते: या आवृत्तीपासून पुढे चालेल. लोक नाव सापडलं की यादी बंद करतात, आणि कामाचा आकडा नेमका त्याच ओळीच्या शेवटी असतो. तुमच्या बोर्डात कुठली आवृत्ती आहे ते बऱ्याचदा खोक्यावरच्या किंवा बोर्डावरच्या चिकटपट्टीवर असतं.

आवृत्ती जुनी निघाली तर दोन वाटा. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशचं वेगळं बटण असेल तर नशीब चांगलं. प्रोसेसर आणि रॅमशिवायही त्यानं बायोस बदलता येतो. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला कंपनीनं सांगितलेलंच नाव द्या, खूण केलेल्याच यूएसबी भोकात लावा, बोर्डाच्या दोन्ही वीजवायरी लावा आणि बटण दाबून धरा. दिवा लुकलुकू लागतो. तो थांबेपर्यंत काही मिनिटं हात लावायचा नाही. फाइल ओळखली नाही तर दिवा लगेच थांबतो किंवा एकसारखा लागून राहतो. दहापैकी नऊ वेळा नाव चुकलेलं असतं.

बटण नसेल तर त्याच सॉकेटचा जुना, बोर्डाला माहीत असलेला प्रोसेसर उसना आणून बसवायचा, बायोस बदलायचा आणि मग आपला लावायचा. वालचंद कॉलेजच्या आसपास राहणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर असा एखादा प्रोसेसर बहुतेक निघतोच. माझ्याकडे एएम ४ चा एक जुना प्रोसेसर फक्त याच कामासाठी डबीत ठेवलेला आहे. त्यानं आतापर्यंत किती बोर्ड जागे केले त्याचा हिशोब नाही.

दोन सावधगिऱ्या. इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय बायोस बदलू नका. जूनमधल्या संध्याकाळी वळवाचा गडगडाट सुरू झाला की मी हे काम सरळ दुसऱ्या दिवशीवर ढकलतो, गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे. आणि 'सगळ्यात नवा तो सगळ्यात चांगला' म्हणून डोळे झाकून शेवटची आवृत्ती घालू नका. काही जुन्या एएम ४ बोर्डांवरची चिप १६ एमबीची आहे. नव्या प्रोसेसरांना जागा करायला कंपन्यांनी त्यातून जुन्यांची माहिती काढून टाकली. उसना प्रोसेसर फार जुना असला तर बायोस बदलल्यावर तोच ओळखला जाणार नाही. आवृत्तीखालची टीप वाचा.

७. कॅबिनेटमधून बाहेर

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस, एवढंच लावा. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून चालू करा. इथं डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटचा: एखादा पितळी स्टँड जास्तीचा बसलेला असतो आणि तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. जुन्या कॅबिनेटमध्ये नवा छोटा बोर्ड बसवताना हे होतंच.

कूलरही याच वेळी बघा. एलजीए ११५१ आणि १२०० च्या कूलरची भोकं ७५ मिलिमीटरवर असतात, एलजीए १७०० ची ७८ वर. जुना कूलर ओढूनताणून बसवलेला असेल तर डिस्प्ले येतो आणि थोड्या वेळात मशीन तापून बंद पडतं.

८. प्रोसेसर उचलणं, आणि थांबायचं कुठं

ही घरी करायची शेवटची पायरी, तीही हात स्थिर असेल तर. एएम ४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि प्रोसेसर आणि कूलरमधल्या वाळलेल्या पेस्टमुळं कूलर ओढला की तो लॉक असूनही कूलरबरोबर उपटून येतो. मशीन चालत असेल तर ते दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. इंटेलच्या एलजीएला आणि एएम ५ ला पिना बोर्डावर असतात, केसांसारख्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. सगळ्या पिनांची चमक एका रेषेत दिसली पाहिजे.

एक जरी पिन वाकडी दिसली तर थांबा. सुई, ब्लेड, पेन्सिलीचं टोक, काही लावू नका. व्हिडिओत सोपं दिसतं. सूक्ष्मदर्शक असलेल्या चिप लेव्हल कारागिराचं ते काम आहे. बोर्ड वॉरंटीत असेल तर त्याच्याकडेही आधी जाऊ नका.

बाकी कुठं थांबायचं तेही सांगतो. जळका वास आला किंवा बोर्डावर काळा डाग दिसला तर परत चालू करून बघायचं नाही. एसएमपीएस कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज उरतो. बायोस बदलताना वीज गेली आणि फ्लॅशचं बटण नसेल, तर चिपवर प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून बायोस भरणारा माणूस गाठायचा. आणि जुना बोर्ड घेताना त्यावर हिरवट बुरशीसारखे डाग दिसले तर तो टेबलावर घेऊच नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णेचं पाणी प्यायलेले बोर्ड वाळवून, ब्रशनं साफ करून विकायला आलेले मी पाहिले आहेत. ते महिनाभर चालतात. विकणाऱ्याला महिनाभरच हवा असतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर संगणकवाल्याला नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. घराला अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. गावभागातल्या जुन्या वाड्यांत हे हमखास. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी गळती पत्र्यावर येते आणि तिला जमिनीत जायला वाट हवी असते. ती नसेल तर नवा प्रोसेसर लावायच्या आधी भिंतीतलं काम करून घ्या.

बोर्ड वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर बिल, खोकं आणि सॉकेटवरची काळी प्लॅस्टिकची टोपी, हे तिन्ही लागतं. टोपीशिवाय बोर्ड पाठवला तर वाटेत पिना वाकतात, आणि त्या आधीपासूनच वाकड्या होत्या असं तिकडून उत्तर येतं. प्रोसेसर बसवताना निघालेली ती टोपी बहुतेकांनी कचऱ्यात टाकलेली असते. माझ्या टेबलाच्या खणात दहा-बारा पडलेल्या आहेत, लागली तर घेऊन जा.